वॉशरची लेव्हल आणि टेम्परेचर दोन्ही गडबड दाखवून राहिलंय, बोर्ड बदलू का?

लॉन्ड्री_हिंगणा_रोड
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला आमची लॉन्ड्री आहे, हॉस्पिटलचा लिनन धुतो, बेडशीट, ब्लँकेट, ओटीचे हिरवे कपडे. दोन वॉशर आहेत, त्यातला ६० किलोचा स्टीमवाला आठ-दहा दिवसांपासून त्रास देऊन राहिला. मेन वॉशला लेव्हल २०० मिलिमीटर दिलेली आहे, मशीन पाणी घेते, डिस्प्लेवर २०० येतं, व्हॉल्व बंद होतो, ड्रम फिरायला लागतो, इथपर्यंत ठीक. मग चार-पाच मिनिटांत १८०, १६०, १५० असं उतरत जातं आणि व्हॉल्व पुन्हा उघडतो. एका वॉशमध्ये तीन-तीनदा पाणी घेते. शेवटी काचेच्या अर्ध्यापर्यंत पाणी चढलेलं दिसतं, पावडर पातळ होऊन जाते, स्टीम जास्त लागते आणि जो लोड तासाभरात निघायचा त्याला पावणेदोन तास लागून राहिले.

दुसरी गोष्ट टेम्परेचरची. डिस्प्ले ७१ दाखवतो, पण माझा विश्वास बसत नाही. पहिले मेन वॉशच्या वेळी काचेला बोट लावलं की चटका बसायचा, आता बोट ठेवता येते. डागही जसे निघायचे तसे निघत नाहीत.

सर्व्हिसवाला येऊन गेला, कंपनीचं नाव घेत नाही. अर्धा तास पाहिलं आणि म्हणाला मशीन चालवणारा कंट्रोल बोर्ड गेला, दोन्ही रीडिंग एकाच बोर्डावर येतात म्हणून दोन्ही बिघडले. कोटेशन लाखाच्या वर आहे. डिसेंबरात अधिवेशन लागलं की हॉटेलांचं कामही आमच्याकडे येते, तेव्हा मशीन बंद ठेवणं परवडत नाही. बोर्ड बदलू का अजून काही पाहू?

बुटीबोरी_मेंटेनन्स
सोमवार, रात्री १०:२५

ताई, थांबा. बोर्डाची ऑर्डर देऊ नका. बावीस वर्षं झाली या मशिनींमध्ये, लेव्हलच्या दहा तक्रारींत बोर्ड खरंच गेलेला मला क्वचित एखाद्या वेळी भेटला.

तुमच्या मशीनला लेव्हल कशी समजते ते आधी डोक्यात बसवा, मग पुढचं सगळं सोपं होते. बाहेरच्या टबच्या खालच्या अंगाला एक छोटा डबा असतो, त्याला एअर ट्रॅप म्हणतात. पाणी चढलं की त्या डब्यातली हवा कोंडते, ती हवा एका बारीक नळीतून वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. म्हणजे सेन्सर पाण्याला कधी शिवतच नाही, तो फक्त कोंडलेल्या हवेचा दाब मोजतो. १०० मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १ किलोपास्कल दाब, हे इतकंच लक्षात ठेवा. आता ती हवा कुठून तरी सुईच्या टोकाएवढी जरी निसटली तरी दाब उतरतो, सेन्सरला वाटते पाणी कमी झालं आणि तो बिचारा व्हॉल्व उघडायला सांगतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला जे मिळते ते तो सांगतो.

उद्या एकच करा. रिकाम्या मशीनमध्ये, कपडे न टाकता, मॅन्युअलमध्ये काचेवर दिसेल इतकं पाणी घ्या. ड्रम थांबवा. काचेवर मार्करने पाण्याच्या रेषेला खूण करा आणि दहा मिनिटं बसून राहा, डोळा खुणेवर आणि डिस्प्लेवर. पाणीही उतरलं आणि आकडाही उतरला तर ड्रेन व्हॉल्व गळतो. पाणी जाग्यावर आणि आकडा उतरला तर हवा गळते. एवढ्यावर अर्धा प्रश्न सुटते.

आणि मागचं पॅनल उघडायच्या आधी मेन एमसीबी खाली, त्याला कुलूप, चावी तुमच्या खिशात. स्टीमचा हातव्हॉल्वही बंद. हे दरवेळी.

पुण्यातून_मशिनवाला
सोमवार, रात्री ११:०५

वरच्या काकांशी सहमत, फक्त भर घालतो. माझ्या पाहण्यात अशा केसमध्ये ड्रेन व्हॉल्व बऱ्याचदा निघतो. हॉस्पिटल लिनन आहे म्हणजे सेफ्टी पिन, टेपचे तुकडे, कधीकधी सलाइनच्या नळीचं टोपण हे सगळं आत येणार, ते व्हॉल्वच्या सीटवर अडकतं आणि बारीक धार चालू राहते. ड्रेन पाइप उघडा असेल तर वॉश चालू असताना खाली नुसतं टॉर्च मारून बघा, धार दिसली की समजलं.

तिसरी शक्यता फेस. पावडर जास्त पडली तर फेस एअर ट्रॅपमध्ये शिरतो आणि आकडा वर-खाली नाचतो. पण तुमचा आकडा नाचत नाही, एका चालीनं उतरतोय, म्हणून फेस मला कमी वाटतो. आणि नळीला कुठे झोळ पडला असेल तर त्यात वाफेचं पाणी साचतं, तेही बघा.

खापरखेड्याचा_वायरमन
मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, मी काल रात्री वाचलं पण झोप आली म्हणून आता लिहून राहिलो. माह्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो, लक्ष देऊन ऐकजा. आमच्याकडे एका हॉस्टेलच्या मशीनीत एअर ट्रॅपचं तोंड बुजलं होतं, कपड्याचा लिंट अन् पावडरीचा गाळ मिळून असा घट्ट चिखल झाला होता का पाणी डब्यात शिरेच ना. तिथं उलटं व्हायचं, बम पाणी भरायचं अन् डिस्प्लेवर शून्यच. पोरानं डोकं लावलं अन् कंप्रेसरची नळी धरून फुंकून टाकलं, पण वरचा सेन्सर काढलाच नाही बाप्पा. सेन्सर असते १० किलोपास्कलचा अन् कंप्रेसरमध्ये असते ६०० च्या वर. एका फुंकीत सेन्सर मेला. म्हणून सांगतो, नळी साफ करायची तर पहिले सेन्सरकडून काढजा, मग काय फुंकायचं ते फुंकजा.

अन् उंदीर पाहजा. आमच्याकडे उंदरानं दोनदा नळी कुरतडली आहे.

लॉन्ड्री_हिंगणा_रोड
मंगळवार, दुपारी २:३०

काका, केलं. सकाळी पहिल्या लोडच्या आधी पाणी घेतलं, २६० पर्यंत. खडूने खूण केली होती पण ओल्या काचेवर ती टिकेना म्हणून पोराच्या दप्तरातला परमनंट मार्कर आणला. दहा मिनिटं मी आणि आमचा ऑपरेटर दोघंही स्टूल टाकून बसलो. पाणी खुणेवरून हललं नाही, एक केसभरही नाही. डिस्प्ले २६० वरून १७५ वर आला. ड्रेनखाली टॉर्च मारला, कोरडं.

म्हणजे हवाच. मला खरं सांगते इतकं बरं वाटलं, आठ दिवसांत पहिल्यांदा मशीनमध्ये काय चाललंय ते स्वतः पाहिलं. पण आता नळीत गळते का सेन्सरमध्ये गळते हे कसं ठरवू? नळी सव्वादोन मीटर लांब आहे, फ्रेमच्या मागून फिरून वर पॅनलमध्ये जाते, पूर्ण दिसतही नाही.

बुटीबोरी_मेंटेनन्स
मंगळवार, सायंकाळी ६:५०

फार छान केलंत ताई. आता सिरिंज आणि पारदर्शक नळी लागेल. तुमच्याकडे हॉस्पिटलची माणसं येतात, २० मिलीची नवी सिरिंज कुणीही देईल. मासे ठेवतात त्या टाकीला लागते तशी पारदर्शक नळी दीड-दोन मीटर आणि एक टी जोड आणा.

पारदर्शक नळीचा इंग्रजी यू करा, भिंतीवर टेपने चिकटवा, मधात स्टीलची पट्टी. अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात चिमूटभर कुंकू म्हणजे रेषा दिसते. यू च्या एका टोकाला टी लावा, टी च्या दुसऱ्या तोंडाला सिरिंज, तिसऱ्याला मशीनची नळी, जी खाली एअर ट्रॅपवरून तुम्ही सोडवून घ्याल. वरचं टोक सेन्सरलाच राहू द्या. आता सिरिंज हळू दाबा. यू च्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात २०० मिलिमीटरचा फरक आला की थांबा. लक्षात घ्या, एक बाजू १०० वर जाते आणि दुसरी १०० खाली येते, तेव्हा फरक २०० होतो. बरेच जण एकाच बाजूची उंची मोजतात आणि सेन्सरला दोष देतात.

त्या क्षणी डिस्प्लेवरही २०० च्या जवळपास पाहिजे. आला तर सेन्सर बरोबर मोजतो. मग पाच मिनिटं वाट पाहा. पाणी सरकलं तर गळती आहे. आता तोच टी उचलून थेट सेन्सरच्या निपलला नव्या छोट्या नळीच्या तुकड्याने लावा, जुनी नळी वगळून. परत २०० करा. टिकलं तर सेन्सर चांगला आणि जुनी नळी वाईट. नाही टिकलं तर सेन्सरच्या आतून हवा जाते.

मीटर चालवता येत असेल तर अजून एक. ज्या सेन्सरला ५ व्होल्ट सप्लाय असतो आणि जो १० किलोपास्कलचा आहे, त्याचं आउटपुट रिकाम्या मशीनला सहसा ०.२ व्होल्ट असते आणि पूर्ण दाबाला ४.७. म्हणजे दर किलोपास्कलला ०.४५. तुमच्या २०० मिलिमीटरला १.०८ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. तेवढं मिळालं आणि डिस्प्ले दुसरंच काही बोलला, तेव्हा कुठे बोर्डावर शंका घ्यायची. तुमच्या सेन्सरवर नंबर असेल तर त्याचा कागद पाहून खात्री करा, सगळे सेन्सर असेच नसतात.

लॉन्ड्री_हिंगणा_रोड
बुधवार, रात्री १०:१०

सापडलं!!

यू नळीला २०० केलं, डिस्प्लेवर १९८. पाच मिनिटांत नळीतला फरक १३० वर. थेट सेन्सरला लावलं, २०० चे २०० राहिले, चहा पिऊन आलो तरी तेवढेच. मग जुनी नळी पूर्ण बाहेर ओढून काढली. फ्रेमच्या आडव्या पट्टीत एक भोक आहे, नळी त्यातून जाते, तिथे रबराचा बूच असायला पाहिजे होता तो गळून खाली पडलेला होता, लोखंडाची धार थेट नळीला. स्पिनच्या वेळी मशीन हलते, तेव्हा घासून घासून तिथे एक चपटी खाच पडली होती. नुसत्या डोळ्याने भोक दिसत नव्हतं. साबणाचं पाणी लावलं आणि सिरिंज दाबली तेव्हा खाचेच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा उभा राहिला, फुटला, परत उभा राहिला. मी किती तरी वेळ तोच पाहत होती.

सीताबर्डीवरून त्याच मापाची सिलिकॉनची नळी आणली, भोकाला नवीन रबरी बूच, नळी खालून वर सतत चढती ठेवली, कुठे झोळ नाही, स्टीमच्या पाइपपासून चार बोटं दूर. एअर ट्रॅपही उघडून धुतला, आत करड्या गाळाचा थर होता पण तोंड मोकळं होतं. आज संध्याकाळी तीन लोड केले, २०० घेतलं आणि २०० वरच राहिलं. नळी, बूच, टी, सिरिंज सगळं धरून दोनशे रुपयांच्या आत काम झालं.

पण टेम्परेचरचा प्रश्न तसाच आहे. पाणी बरोबर झालं तरी काचेला बोट ठेवता येऊनच राहिलं.

धंतोलीची_सिस्टर
बुधवार, रात्री ११:२०

मी मशीनवाली नाही, हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलमध्ये आहे, पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. ताई, तुमच्या शेवटच्या ओळीने मला काळजी वाटली. लेव्हल चुकली तर पाणी आणि पैसा जातो, टेम्परेचर चुकलं तर ती चादर ज्या पेशंटच्या अंगाखाली जाते त्याचा प्रश्न येतो.

गरम पाण्याने निर्जंतुक करायचं तर तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. ब्रिटनच्या हॉस्पिटल लिननच्या सूचनांमध्ये ६५ अंशाला किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशाला किमान ३ मिनिटं सांगितली आहेत, आणि पाणी सगळ्या कपड्यांत मुरायला लागणारा वेळ त्यावर वेगळा धरायचा. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, ७१ ला २५ मिनिटं दिली आहेत. म्हणजे डिस्प्लेवरच्या ७१ ला खूप वजन आहे. तो आकडा खरा आहे का हे कृपा करून लवकरात लवकर तपासा आणि तोपर्यंत ओटीचा लिनन दुसऱ्या मशीनमध्ये घ्या.

लॉन्ड्री_हिंगणा_रोड
बुधवार, रात्री ११:३५

सिस्टर, धन्यवाद. उद्या सकाळपासूनच ओटीचं सगळं दुसऱ्या मशीनला. आमचा प्रोग्रॅम ७१ ला १० मिनिटं होल्डचा आहे. आता झोप येणार नाही मला.

खापरखेड्याचा_वायरमन
गुरुवार, सकाळी ६:४०

ताई, टेन्शन नका घेऊ, हे माह्या हातचं काम आहे. सेन्सर कोणता आहे ते पहिले पाहजा. स्टीलच्या दांडीतून तीन वायर येत असतील, दोन एका रंगाच्या अन् एक वेगळी, तर तो पीटी-१०० समजजा. शून्य अंशाला १०० ओहम, अन् एक अंश चढला का ०.३८५ ओहमच्या आसपास चढते. २७ ला ११०.५, ६० ला १२३.२, ७१ ला १२७.५, हे आकडे लिहून ठेवा.

आता युक्ती अशी. मशीन रातभर बंद पाहिजे, म्हणजे लोखंड, पाणी, सेन्सर सगळे एकाच टेम्परेचरला येते. सकाळी चालू केल्या केल्या, स्टीम सोडायच्या पहिले, डिस्प्ले वाचजा. बाजूला काचेचा थर्मामीटर ठेवजा. दोन्ही सारखे पायजे. नसले तर पॅनल बंद करून, एमसीबी पाडून, मीटरनं ओहम मोजजा, एकदा बोर्डाकडच्या टोकाला अन् एकदा सेन्सरच्या मुंडक्यापाशी. मीटरच्या दोन पिना पहिले एकमेकाले लावून पाहजा, त्या वायरचेच ०.२-०.३ ओहम असतात, ते वजा करजा. पीटी-१०० मध्ये तेवढ्यानंच एक अंश इकडचा तिकडं होते.

पुण्यातून_मशिनवाला
गुरुवार, सकाळी ९:३०

एक महत्त्वाची गोष्ट, सगळ्यांसाठी. पीटी-१०० आणि एनटीसी (टेम्परेचर सेन्सरचाच दुसरा प्रकार) यांची खोड उलटी आहे. पीटी-१०० मध्ये जोड ढिला झाला, गंजला, की रेझिस्टन्स वाढतो आणि डिस्प्ले खऱ्यापेक्षा गरम दाखवतो, म्हणजे पाणी थंड राहतं. एनटीसीमध्ये, जो २५ अंशाला बहुतेक वेळा १० किलोओहम असतो, गरम झालं की रेझिस्टन्स कमी होतो. तिथे वायर तुटली की मशीनला वाटतं पाणी बर्फासारखं गार आहे आणि ते तापवतच राहतं. चांगले कंट्रोलर अशा वेळी एरर देऊन थांबतात, पण जुन्यांवर भरवसा नको. आणि कुणीही, कितीही घाई असली तरी, सेन्सर काढून त्या जागी साधा रेझिस्टर लावून मशीन चालवू नका. मी ते केलेलं एक मशीन पाहिलंय, सगळ्या लोडच्या पॉलिएस्टर ब्लँकेटचा कडक गोळा झाला होता.

ताईंचं लक्षण पाहता मला जोडाचीच शंका येते. मधल्या काळात कुणी वायरिंगला हात लावलाय का?

लॉन्ड्री_हिंगणा_रोड
गुरुवार, दुपारी १:१५

हो, लावलाय. जूनमध्ये पावसाचं पाणी पॅनलमागे शिरलं होतं तेव्हा एका माणसाने केबल जोडून दिली होती.

आकडे सांगते. मशीन रातभर बंद होतं. सकाळी साडेसहाला थर्मामीटर २७, डिस्प्ले ३५. रात्रभर थंड असलेलं मशीन ३५ दाखवून राहिलं आणि रोज सकाळी हा आकडा माझ्या समोर होता, मी कधी त्याच्याकडे पाहिलंच नाही. बोर्डाच्या टोकाला, मीटरचे ०.३ वजा करून, ११३.६ ओहम. सेन्सरच्या मुंडक्यापाशी ११०.५. म्हणजे सेन्सर अगदी बरोबर आणि मधल्या वायरमध्ये ३.१ ओहम कुठून तरी आले.

बुटीबोरी_मेंटेनन्स
गुरुवार, दुपारी २:००

३.१ ला ०.३८५ ने भागा, आठ अंश. तुमचा डिस्प्ले ७१ म्हणत होता तेव्हा पाणी ६३ होतं ताई. काचेला बोट ठेवता येत होतं ते उगाच नाही.

केबलवरून हात फिरवत जा. सहा मीटर केबल असली आणि अर्धा स्क्वेअरची वायर धरली तरी जाऊन-येऊन ०.४ ओहमच्या पुढे जात नाही, एक अंश. बाकीचे जोडात बसलेत. आणि बोर्डाच्या टर्मिनलवर पाहा, तीन वायर लागल्यात का दोनच. तिसरी वायर कशाला असते, तर बोर्डाला केबलचा रेझिस्टन्स मोजून वजा करता यावा म्हणून. कुणी दोनच वायर आणून तिसऱ्या टर्मिनलला छोटा जंपर, म्हणजे शेजारच्या टर्मिनलला जोडणारा वायरचा तुकडा, मारला की ती सोय गेली, केबलचा आणि जोडाचा सगळा रेझिस्टन्स टेम्परेचर म्हणून दिसते.

लॉन्ड्री_हिंगणा_रोड
गुरुवार, रात्री ९:०५

काका, तुम्ही जसं समोर उभं राहून पाहिलंत. दोनच वायर आणि जंपर. जोड मशीनच्या मागे, कॉस्टिकच्या डोजिंग पंपाच्या बरोबर वर, नुसत्या वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली. टेप सोलली तर आतून तांबं हिरवं झालेलं, बोटाने चोळलं तर हिरवी भुकटी पडली आणि दोन धागे तुटून हातात आले.

पूर्ण केबल बदलली. तीन वायरची, वर जाळीचं शील्ड, मधात एकही जोड नाही, सेन्सरपासून बोर्डापर्यंत सरळ. आता बोर्डाच्या टोकाला सेन्सर ११०.९ आणि तिसऱ्या वायरमुळे डिस्प्ले अगदी बरोबर. संध्याकाळी मेन वॉश लावला, डिस्प्ले ७१, सॅम्पल कॉकमधून स्टीलच्या मगात पाणी घेऊन लगेच थर्मामीटर टाकला तर ७०. काचेला बोट लावलं, चटका बसला.

सिस्टर, आता तुम्हाला विचारते. जूनपासून ते आत्तापर्यंत, कधीपासून किती अंश चुकत होतं हे मला सांगता येत नाही. काय करू?

धंतोलीची_सिस्टर
गुरुवार, रात्री ९:५०

ताई, ज्या हॉस्पिटलचं काम करता त्यांच्या इन्फेक्शन कंट्रोलला उद्या सकाळी स्वतः फोन करा आणि लेखीही द्या. काय बिघडलं होतं, किती अंशांचा फरक होता, कधी दुरुस्त केलं, आकडे जसे इथे लिहिलेत तसेच. ६३ अंशाला १० मिनिटं हे वर सांगितलेल्या दोन्ही हिशोबांत बसत नाही, हे लपवू नका. तुमच्या वॉशमध्ये ब्लीच किंवा दुसरं रसायन जात असेल तर तेही सांगा, कारण काही काम त्याने झालेलं असू शकते, पण ते ठरवायचं त्यांनी. त्यांच्या स्टोअरमध्ये घडी घालून ठेवलेला लिनन आहे तो परत मागवून धुवा. फोन करताना जड जाईल, पण आमच्यासारख्यांना खरं सांगणारी लॉन्ड्री हवी असते.

हॉटेल_सिव्हिल_लाइन्स
शुक्रवार, सकाळी ११:३०

उशिरा आलो. आमच्या हाउसकीपिंगचे दोन अनुभव लिहितो, कुणाच्या कामी येतील.

पहिला मे महिन्यातला. आमचं मशीन मेन वॉशनंतर कूल-डाउन स्टेपवर अडकून बसायचं, पाणी घेत राहायचं, पुढे सरकायचंच नाही. सेन्सर बदलला, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की कूल-डाउनचं टार्गेट ४० अंश आहे आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणीच दुपारी ४३ आहे. नागपूरचा उन्हाळा आहे, इथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलेले आहेत, टाकीतलं पाणी थंड कसं राहील. सेन्सर खरं बोलत होता, प्रोग्रॅम दुसऱ्या गावच्या हवेसाठी लिहिलेला होता. उन्हाळ्यापुरतं टार्गेट ५० केलं, टाकीवर शेड टाकली. हॉस्पिटलवाल्यांनी हे नक्की पाहावं, कारण रक्ताच्या डागांना पहिलं धुणं थंड पाण्याचं लागतं, ४० च्या वरच्या पाण्यात ते डाग पक्के बसतात. मेमध्ये ते पहिलं पाणी भल्या पहाटे घ्या.

दुसरा, स्पिन सुरू झाली की टेम्परेचर एकदम ६० चं ७५ व्हायचं आणि स्पिन थांबली की परत ६०. पाणी एका सेकंदात १५ अंश तापत नाही, म्हणजे ते विजेचं. सेन्सरची केबल मोटरच्या ड्राइव्हच्या केबलला एकाच पट्ट्याने बांधली होती. वेगळी केली, शील्ड बोर्डाच्या बाजूला एकाच टोकाला अर्थ केलं, बंद.

बुटीबोरी_मेंटेनन्स
शुक्रवार, दुपारी ३:४०

सिव्हिल लाइन्सवाल्यांचं दोन्ही बरोबर. ताई, शील्ड तुम्हीही एकाच टोकाला अर्थ केलंय ना, ते पाहून घ्या.

अजून एक राहिलं. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का नळाचं? आपल्या भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड निघते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० मिलिग्रॅम लिटरमागे चालतो, पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत. लॉन्ड्रीला २०० सुद्धा जास्तच. सेन्सरच्या दांडीवर पांढरा क्षार चढला की ती दांडी गोधडी पांघरल्यासारखी होते, पाणी ६५ झालं तरी आत अजून ६०, मशीन स्टीम सोडतच राहते आणि मग आकडा ७१ ला न थांबता ७६-७७ पर्यंत जातो. असा उशीर दिसला की दांडी काढून व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर बुडवा. चाकूने खरवडू नका.

सेन्सर बाहेर काढलाच तर दोन ठिकाणी तपासा. भरपूर बर्फ आणि थोडं पाणी असलेल्या थर्मासमध्ये १०० ओहम. मग उकळत्या पाण्यात. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, इथे पाणी ९९ च्या आसपास उकळते, म्हणून १३८.५ ची वाट पाहत बसू नका, १३८.१ आला की झालं.

लॉन्ड्री_हिंगणा_रोड
शनिवार, रात्री ८:२०

बोअर आणि नळ दोन्ही आहे काका. दांडी काढली, एका बाजूने अंड्याच्या कवचाएवढा थर होता, सायट्रिकमध्ये गेला. बर्फात १००.१ आला. शील्ड एकाच टोकाला आहे.

हॉस्पिटलला काल सकाळी फोन केला आणि दुपारी स्वतः जाऊन कागद दिला. तिथल्या मॅडम पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत, सगळे आकडे वाचले, मग म्हणाल्या स्टोअरमधला लिनन घेऊन जा. दोन टेम्पो भरून आला. कालपासून तोच धुणं चालू आहे, ऑपरेटर पोरं रात्रीही थांबली, सकाळी सगळ्यांसाठी तर्री पोहे मागवले. त्या मॅडमनी दर सोमवारी थर्मामीटरचं रीडिंग लिहून पाठवायला सांगितलं आहे, ते मी सुरू करते.

बोर्डाचं कोटेशन परत पाठवलं. पॅनलच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला आहे, वायरमन भाऊंनी दिलेले ओहमचे आकडे, काकांचे व्होल्टचे आकडे, आणि खाली तारीख घालून रोज सकाळी स्टीम सोडायच्या पहिले डिस्प्ले किती आणि थर्मामीटर किती. आज लिहिलं, २६ आणि २६.

खापरखेड्याचा_वायरमन
शनिवार, रात्री ९:००

ताई, त्या कागदाचा फोटो टाका ना इथं. आमच्या हॉस्टेलच्या मशीनीलेही लावतो, अन् तिथला पीटी-१०० तर मी तीन वर्षांपासून तपासलाच नाही. सोमवारी सकाळी लवकर जातो अन् आकडे टाकतो.